आधी शालन जेवणार

कसबा बावड्यात साखर कारखान्याचा भोंगा झाला की लोक घड्याळं लावून घ्यायचे. शालनच्या सासरी त्या भोंग्यावर ताटं वाढायची. पाळी सुटली की पुरुष येणार, हातपाय धुणार, पहिली पंगत त्यांची. मग पोरं. मग पावणारावळा कोण असला तर तो. मग सासूबाई. मग थोरली जाऊ बाळाबाई. आणि सगळ्यात शेवटी, भाकरीच्या टोपल्यात नुसतं फडकं उरलेलं असलं तरी, शालन. लग्न होऊन तिनं माप ओलांडलं त्याच दिवशी सासूनं, म्हणजे चिमणाबाईनं, तिला जवळ घेऊन सांगितलं होतं, "बाई मागनं जेवली तर घर टिकतंय." घर टिकलं. शालनचं पोट तेवढं टिकलं नाही.

टिकणार कसं? उठल्या उठल्या मिश्री, वर चहा, त्यावर पुन्हा चहा. कंबर धरली की मेडिकलमधनं आणलेली गोळी, तीही उपाशीपोटी. दुपार कलल्यावर गार भाकरी आणि खर्डा. सोमवार, चतुर्थी, नवरात्र हे आणखी वेगळंच. पोटात जखम झाली, ती चिघळली, आणि शेवटी जठराचं खालचं तोंडच आवळून गेलं. शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात शालन खाल्लेला घास न घास ओकायला लागली, तेव्हा तिचा नवरा ज्ञानू तिला रिक्षात घालून शहरातल्या दवाखान्यात घेऊन गेला. ज्ञानू कारखान्यात फिटर. मशीन बिघडलं की उघडायचं, हे त्याला पटत होतं. पण बायकोचं पोट उघडायचं म्हटल्यावर तो डगमगला. शालन नाही डगमगली. टेबलावर घ्यायच्या आधी ती सर्जनला म्हणाली, "डॉक्टर, माझी एकच पोरगी हाय. तिच्या कन्यादानाला मी बसणार हाय. तेवढं ध्यानात ठेवून कापा."

डॉक्टर हसले. शालन हसली नाही, कारण ती हसण्यासाठी बोललीच नव्हती.

निम्म्याहून जास्त जठर काढलं आणि राहिलेलं आतड्याला जोडलं. घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरांनी सगळ्यांना समोर उभं केलं. ज्ञानू होता, त्याचा थोरला भाऊ सयाजी होता, बाळाबाई होती. डॉक्टरांनी हाताची ओंजळ करून दाखवली. "पोट आता एवढंसं राहिलंय. थोडं थोडं खायचं, पण दिवसातनं सहा वेळा खायचं. खुर्चीत ताठ बसून खायचं. जेवताना पाणी ढोसायचं नाही, मागाहून प्यायचं. रात्रीचं जेवण दिवे लागायच्या सुमाराला उरकायचं. जेवून आडवं व्हायचं नाही, वाकून कामं करायची नाहीत, परकराची नाडी आवळायची नाही. कॉटला उशाकडनं विटा लावा. मिश्री बंद, तिखट बंद. नाहीतर खालचं पित्त वर चढेल आणि घसा जाळून काढेल."

एवढ्या सगळ्या सांगण्यातलं बावड्यापर्यंत काय पोचलं? "थोडं खायला सांगितलंय." बस्स. सहा वेळा हे शब्द रिक्षातच कुठंतरी सांडले. कुणी मुद्दाम सांडले असं नाही हां. पण बाईनं थोडं खायचं हे कानाच्या ओळखीचं असतं, ते लगेच आत जातं. बाईनं सहा वेळा खायचं हे कान आत घेतच नाही. आणि खोटं कशाला बोला, शालनच्या कानानंही घेतलं नव्हतं.

चिमणाबाईला तर बरंच वाटलं. ती म्हणाली, "थोडकंच खायाचं हाय न्हवं? मग उपास जड जायाचा न्हाय. तू वाचलीस म्हणून मी अंबाबाईला अकरा शुक्रवार बोललोय."

"तुमी करणार, आत्ती?"

"मी कशाला? पोट तुझं हाय. तूच करायचं."

झालं. शालन शुक्रवारी उपाशी राहू लागली आणि बाकीच्या वारी सगळ्यांच्या मागनं मूठभर भात खाऊ लागली. खाल्ला की मोरीवर वाकून भांडी, आणि भांडी झाली की तशीच आडवी. मग छातीच्या मधोमध चूल पेटायची. जाळ घशापर्यंत यायचा. सकाळी उठली की तोंड कडूजार आणि उशीवर पिवळा डाग. आवाज बसला, खोकला लागला, अंगावरचा झंपर ढगळ झाला. गल्लीतल्या बायका येऊन तोंडाला पदर लावून बसायच्या. कापलेलं पुन्हा वाढतंयच, असं एकमेकींना सांगायच्या आणि ते शालनला ऐकू जाईल इतक्या बेतानं सांगायच्या.

एक दिवस ती मोरीवर भांडी घासत होती आणि बाहेरच्या सोप्यात सयाजी ज्ञानूला समजावत होता. सयाजी वाईट माणूस नव्हता. सोसायटीचा चेअरमन, गल्लीतल्या प्रत्येक लग्नात फेटा बांधून पहिल्या रांगेत. फक्त स्वतःचा आवाज त्याला फार आवडायचा. तो म्हणत होता, "संगूचं आता बघायला पायजे. तिची आई हाय तंवर उरकून टाकू. आन् कन्यादानाला मी आन् बाळाबाई बसतो. शालनला कुठं दगदग करतोस?"

ज्ञानू नाही म्हणाला नाही, हेच शालनला जास्त लागलं. संगू म्हणजे संयोगिता, तिची एकुलती एक लेक, अजून कॉलेजात जात होती, आणि तिचं लग्न इथं आईच्या मरणाचा हिशेब धरून ठरत होतं. हातातलं पातेलं तसंच टाकून शालन उठली. तिला रडू आलं नाही. तिला भयंकर राग आला.

दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता तिनं केएमटीची बस धरली आणि दवाखान्यात जाऊन बसली. डॉक्टरांनी तपासलं, वरनं दुर्बीण घालून आत बघितलं, आणि विचारलं, "दिवसातनं किती वेळा खाता?"

"एकदा. कधी दोनदा."

"मी किती सांगितलं होतं?"

"थोडं खा म्हणालता की."

"थोडं, आणि सहा वेळा." डॉक्टर वैतागलेच. "बाई, जठराला खाली एक दार असतं. तुमचं ते काढून टाकायला लागलंय. आता तुम्ही वाकलात, आडव्या झालात की खालचं सरळ वर येणार, त्याला अडवायला कोण नाही. गोळ्या देतो, पण त्या निम्मंच काम करतात. राहिलेलं निम्मं तुमच्या ताटावर आहे."

"रोग परत आलाय का?"

"रोगबिग काही नाही. तुमच्या घरची जेवायची पद्धत आहे ही."

"म्हंजे मी ह्यानं मरत न्हाय?"

"यानं नाही मरत. पण असंच चालू ठेवलंत तर जळत राहाल."

बाहेर आल्यावर तिला आधी हायसं वाटलं आणि मग संताप आला. इतके दिवस मरणाची वाट बघत पडले होते मी, आणि सगळा दोष त्या मागच्या पंगतीचा होता! नाक्यावर केळीवाला होता. तिनं एक केळ घेतलं आणि भर रस्त्यात, उभ्यानं, सगळ्या जगासमोर सोलून खाल्लं. सावकाश चावून खाल्लं. एक म्हातारा टकामका बघत होता, त्याच्याकडं तिनं उलट बघितलं. मग महाद्वार रोडला जाऊन तळहातावर मावेल एवढा झाकणाचा पितळी डबा घेतला आणि घरी आली.

त्या संध्याकाळी बावड्यात काय झालं ते अजून लोक सांगतात. ऊन अजून कौलावर होतं. शालननं स्वयंपाक उरकला, चुलीवरचं उतरवलं, आणि पहिलं ताट वाढलं ते स्वतःचं. मऊ भात, बिनतिखटाचं वरण, चमचाभर तूप. सोप्यातली लोखंडी घडीची खुर्ची, जिच्यावर फक्त सयाजी बसायचा, ती तिनं उचलून आणली, स्वयंपाकघराच्या दारात मांडली, ताठ बसली आणि जेवायला लागली.

सयाजी आत आला आणि जागच्या जागी थांबला. थोरल्या दिराशी शालन आजवर पदराआडनं बोलायची, तेही विचारलं तरच.

"काय चाललंय?"

"जेवतोय."

"आमी अजून जेवलो न्हाय."

"म्हायती हाय. हात धुवा, माझं झालं की वाढतो."

सयाजीनं भावाकडं बघितलं. "ज्ञानू, तुझ्या बायकूला काय झालंय?"

ज्ञानूनं एकदा भावाकडं आणि एकदा खुर्चीकडं बघितलं. "डॉक्टरनं सांगितलंय, दादा," तो पुटपुटला.

"डॉक्टरनं खुर्चीत बसाय सांगितलंय?"

"व्हय," शालन म्हणाली. "खुर्चीत, ताठ, आन् तुमच्या आधी."

शेवटचे दोन शब्द डॉक्टरांनी सांगितले नव्हते. ते शालनच्या पदरचे होते आणि ते बोलताना तिला इतकं बरं वाटलं की तो घास तिला साखरेसारखा लागला.

चिमणाबाई आतनं पुढं आली. "अगं, आधी पोटोबा मग विठोबा हे पुरुषांनी म्हणायचं असतंय. बायकांनी न्हवं."

"ज्यानं म्हटलं त्याचं पोट पुरतं होतं, आत्ती. माझं निम्मं गेलंय. मला म्हणायचा जास्त हक्क हाय." मग तिनं आवाज जरा खाली घेतला. "आन् ते शुक्रवार माझ्यानं व्हायाचे न्हाईत. देवीला सांगा, मी रोज सहा घास तिच्या नावानं खाईन."

चिमणाबाई तणतणत आत गेली आणि कनवटीचा ओवा काढून चघळत बसली. तिची ती जुनी सवय होती. जेवल्यावर छातीत जळजळतं म्हणून ती सून म्हणून आली तेव्हापासनं ओवा चघळायची. का जळजळतं, हे तिला कुणी कधी विचारलं नव्हतं.

पुढं बरेच दिवस घरात धुसफूस चालली. सयाजी ताटावर बसला की मुद्दाम मोठ्यानं विचारायचा, "आज किती झाली जेवणं?" आणि शालन तेवढ्याच मोठ्यानं आकडा सांगायची. गल्लीनं तिला 'सहाजेवणी' हे नाव ठेवलं. ठेवू दे. नाव ठेवायला काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. ज्ञानूनं मात्र, तोंडातनं शब्द न काढता, कॉटच्या उशाला विटा लावल्या, आणि एका सुट्टीला मोरीपाशी कमरेएवढा कट्टा बांधून दिला, उभ्यानं भांडी घासायला. बाळाबाईनं त्या कट्ट्याला आठवडाभर नाकं मुरडली आणि मग स्वतःची भांडी गुपचूप त्यावरच घासायला लागली. मिश्री सोडणं सगळ्यात अवघड गेलं. डबी समोर दिसली की शालनचं बोट आपोआप वळवळायचं. एके दिवशी तिनं डबी उचलली आणि सगळी राख मागच्या परड्यात उधळून दिली.

जाळ हळूहळू खाली बसला. आवाज फिरला. झंपर पुन्हा अंगासरशी बसायला लागला. जी तोंडाला पदर लावून बसायला यायची तीच बाई पुढं येऊन विचारायला लागली, "शालनवैनी, माझ्या बी छातीत जळतंय, मी काय करू?" शालन म्हणायची, "आधी जेव."

मग दोन-तीन वर्षांत संगूचं जमलं. नेसरीच्या गणपतरावांचा मुलगा धैर्यशील, गडहिंग्लजच्या डेपोत मेकॅनिक, हसरा पोरगा. सगळं ठरलं, सुपारी फुटली, आणि घरच्या बैठकीत सयाजीनं जुनाच विषय नव्यानं काढला.

"कन्यादान करणाऱ्यानं उपाशी ऱ्हायाला लागतंय. मुहूर्त दुपारचा. शालनला ते जमायचं न्हाय. तवा आमी दोघं बसतो. ठरलं."

"उपास मला जमायचा न्हाय, खरं हाय," शालन म्हणाली. "कन्यादान जमंल."

"पोट भरून केलेल्या कन्यादानाचं फळ मिळत न्हाय."

"तुमाला फळ पायजे का संगूचं लगीन?"

भटजी तिथंच बसले होते. सयाजीनं त्यांना मध्ये ओढलं. भटजी म्हणाले, आजाऱ्याला सूट असते म्हणतात, पण थोरल्यांच्या मनाचाही विचार करावा लागतो, आणि तसं बघितलं तर... शालननं त्यांना पुढं जाऊच दिलं नाही. "भटजीकाका, तुमी लग्न लावाय येताना सकाळचा चहा घेऊन येता का न्हाय?" भटजींना ठसका लागला. ज्ञानू पहिल्यांदाच हसला आणि भावानं बघितल्यावर गप्प झाला. सयाजी उठला. "त्या दिवशी बघू," म्हणाला. त्या दिवशी बघू म्हणजे काय हे शालनला कळायला वेळ लागला नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी बाळाबाईचा शालू इस्त्री होऊन आला, अगदी कन्यादानाला नेसतात तसा.

कोल्हापूरकडच्या लग्नात पत्रिकेवर मुहूर्ताची वेळ छापतात ती छापखान्याच्या समाधानासाठी. त्या दिवशी नवरदेवाची वरात कार्यालयाच्या दारात नाचत बसली. ती आत आली तेव्हा सयाजीनं ठेवलेले सत्कार सुरू झाले. पंचायत समितीचे कोण, दूध संस्थेचे कोण, पावण्यांच्या पावण्यांचे कोण. एकेकाला फेटा, नारळ, हार, फोटो, आणि प्रत्येकाला दोन शब्द बोलायचा आग्रह. दोन शब्दांवर कुणी थांबलं असेल तर शपथ.

आतल्या खोलीत संगू मुंडावळ्या बांधून बसली होती, भुकेनं चेहरा एवढासा झालेला. बाळाबाई शालूत घामाघूम. शालनची खायची वेळ टळून चालली होती. थोडं आणखी थांबलं असतं तर जाळ सुरू झाला असता. तिनं पिशवीतनं पितळी डबा काढला.

"इथंच खा की," बाळाबाई दबक्या आवाजात म्हणाली. "दार लोटून घेतो. कुणाला कळायचं न्हाय."

शालन थांबली. इथंच खाल्लं असतं तर सोपं होतं. पण ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? आत लपून खाल्लं की ती चोरी झाली असती, आणि चोरी करणाऱ्या बाईला सयाजीनं पाटावर बसू दिलं नसतं. तिनं पदर खोचला, दार उघडलं आणि सरळ स्टेजवर गेली. नवरदेवाच्या शेजारी आईबापांसाठी मांडलेल्या खुर्च्या होत्या. त्यातल्या एकीवर ताठ बसली, झाकण उघडलं आणि खायला लागली.

माइकवर बोलणारे गृहस्थ बोलायचे थांबले. आख्खं कार्यालय बघत होतं. सयाजी हातात फेटा घेऊन धावत आला.

"शालन, ऊठ. माणसं बघत्यात."

"बघू देत."

"कन्यादान मोडलं म्हणतील लोकं."

"माझ्या खाण्यानं मोडत न्हाय. तुमचे सत्कार आवरा, न्हायतर मुहूर्त तेवढा मोडंल."

पहिल्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. नेसरीचे गणपतराव मिशीवर हात ठेवून उठले. "काय झालं वो, सयाजीराव?"

सयाजी काही बोलायच्या आत शालन उभी राहिली. डबा हातातच होता. इतकी माणसं आणि पुढ्यात लेकीचं आख्खं आयुष्य. ह्यांनी आता वरात माघारी फिरवली तर? पण आता मागं सरणं तिच्यानं होणार नव्हतं.

"पावणं, माझं निम्मं पोट कापलंय. उपाशी ऱ्हायलो की पित्त वर येतंय आन् मी आडवी पडतो. लेकीच्या लग्नात मला आडवं पडायचं न्हाय. म्हणून मी खाऊनच कन्यादानाला बसणार. तुमाला चालत नसंल तर आत्ताच सांगा, मागनं बोल नको."

गणपतरावांनी बायकोकडं बघितलं, मुलाकडं बघितलं, मग डब्याकडं.

"आमाला तुमची पोरगी पायजे," ते म्हणाले. "तिच्या आईच्या पोटात काय हाय ते आमी कशाला बघू? जेवा तुमी. आमी थांबतो." आणि खाली बसले.

सयाजीच्या हातातला फेटा तसाच राहिला. ज्ञानू गर्दीतनं वाट काढत वर आला आणि बायकोच्या शेजारच्या खुर्चीवर बसला. "दादा, कन्यादानाला आमी दोघं बसतोय," एवढंच म्हणाला. आयुष्यात भावासमोर तो एवढं पहिल्यांदाच बोलला होता आणि बोलून झाल्यावर त्याला दरदरून घाम फुटला.

बाळाबाई मागनं आली होती. तिनं सगळं ऐकलं, अंगावरच्या शालूकडं बघितलं आणि म्हणाली, "मग मी सकाळधरनं कशाला उपाशी बसलोय?" शालनच्या हातनं डबा घेतला आणि उरलेले दोन घास तिथंच संपवले.

अक्षता पडल्या आणि आणखी एक पेच आला. जावयाचे पाय धुवायचे म्हणजे वाकायला हवं, आणि खाऊन फार वेळ झाला नव्हता. शालननं सरळ आचाऱ्याकडचं उंच टेबल मागवलं. "धैर्यशीलराव, वर बसा."

"ह्याच्यावर?"

"ह्याच्यावर. मी वाकत न्हाय, तुमीच वर चढा."

मुंडावळ्या सावरत नवरदेव टेबलावर चढून बसला, पाय खाली लोंबकळत, आणि त्याला इतकं हसू येत होतं की भटजींना मंत्र दोनदा म्हणावे लागले. कार्यालय हसत होतं. शालननं ताठ उभं राहून जावयाचे पाय धुतले, ज्ञानूनं पाणी घातलं. मग तिनं संगूचा हात हातात घेतला, मेंदीचा, गार पडलेला, आणि तो धैर्यशीलच्या हातात दिला. तेव्हा मात्र ती ढसाढसा रडली. ऑपरेशनच्या आधी जे मागितलं होतं ते तिनं स्वतःच्या हातानं घेतलं होतं.

चिमणाबाई पहिल्या रांगेत बसून हे सगळं बघत होती. आज तोंडात ओवा नव्हता.

पाठवणीची वेळ झाली तरी पुरुषांच्या पंगती उठत नव्हत्या. सत्काराची सगळी मंडळी जिलेबीवर होती. दारात ट्रॅक्स जीप उभी होती. त्या घरच्या प्रत्येक लेकीला आणि प्रत्येक सुनेला निघताना-येताना चिमणाबाई मागनं जेवण्याचं तेच एक वाक्य सांगत आली होती, आणि आता सगळ्या बायका ते ऐकायला गोळा झाल्या. संगू आजीच्या पायाशी वाकली. चिमणाबाईनं तिची हनुवटी धरून वर केली आणि तोंड उघडलं. शालन एक पाऊल पुढं सरली. एवढं सगळं करून शेवटी लेकीच्या पदरात तेच पडणार होतं.

चिमणाबाईनं पोरीच्या सुकलेल्या तोंडाकडं बघितलं.

"जेवलीस का?" तिनं विचारलं.

"न्हाय आजी. फोटो काढत होते. मग वेळच न्हाय झाला."

चिमणाबाईनं मान वळवली. "शालन, तुझा डबा कुठाय?"

"रिकामा हाय, आत्ती."

"भरून आण."

सयाजी घाईघाईनं आला. "आई, आता कशाला? पावण्यांना लांब जायाचं हाय. उशीर हुतोय."

"होऊ दे." म्हातारी ट्रॅक्सच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली, बॉनेटला हात लावून. "पोरगी जेवल्याबिगर गाडी हलायची न्हाय."

शालननं आचाऱ्याच्या पातेल्यातनं मऊ भात आणि वरण घेतलं, डबा काठोकाठ भरला आणि संगूच्या ओटीत नारळाशेजारी ठेवला. संगू गाडीत ताठ बसली आणि सासूच्या, दिरांच्या, सगळ्या नेसरीच्या देखत जेवली. डबा तिच्याबरोबरच गेला.

गाडी वळणाआड गेली तशी बायका डोळे पुसत आत वळल्या. चिमणाबाई तिथंच उभी होती. शालननं तिचा हात धरला.

"चला, आत्ती."

"शालन," चिमणाबाई म्हणाली, "मला बी भूक लागलीया गं."

तिच्या तोंडून हे वाक्य त्या घरात कुणी कधी ऐकलं नव्हतं. नवऱ्यानं नाही, पोरांनी नाही. शालननं तिला कार्यालयात नेलं. बायकांची मागची पंगत अजून लांब होती, बसलेली सगळी पुरुषांची. तिनं पंगतीला जाऊन बसलेल्या सयाजीच्या शेजारची खुर्ची ओढली, सासूला तिथं बसवलं, आणि वाढप्याच्या हातातली भाताची परात थांबवून म्हणाली, "आधी इथं वाढ."